देवनागरी न येणारा पहिला अँड्रॉइड

भारतात रीतसर विक्रीला आलेला पहिला अँड्रॉइड फोन म्हणजे तैवानच्या एचटीसी कंपनीचा ‘मॅजिक’. २००९ च्या मध्यात एअरटेलने तो बाजारात आणला आणि किंमत ठेवली २९,९०० रुपये. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेला आठ जीबीचा आयफोन थ्री-जी ३१,००० रुपयांना मिळत होता. पुढे ज्या अँड्रॉइडला लोक ‘स्वस्तातला स्मार्टफोन’ म्हणून ओळखू लागले, त्याचा भारतातला पहिला अवतार असा आयफोनच्या पंगतीत बसणारा होता.

मॅजिकच्या आधी एकच अँड्रॉइड फोन जगात विकला गेला होता, तोही एचटीसीनेच बनवलेला. टी-मोबाइल जी-वन या नावाने २३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची घोषणा झाली. अँड्रॉइड या कंपनीची स्थापना २००३ मध्ये झाली होती आणि २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली होती. जी-वनचा पडदा बाजूला सरकवला की खाली बटणांचा पूर्ण कळफलक निघे. तो ठेवणे भागच होते, कारण अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीत पडद्यावर उमटणारा कळफलक नव्हताच. एप्रिल २००९ च्या १.५ या आवृत्तीत, म्हणजे ‘कपकेक’मध्ये, तो आला. त्यामुळे मॅजिकमधून बटणांचा कळफलक काढता आला आणि फोन सडपातळ झाला.

मॅजिकचा पडदा ३.२ इंचांचा, ३२० बाय ४८० बिंदूंचा. आत क्वालकॉमचा ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १३४० एमएएचची बॅटरी होती. पडद्याखाली अंगठ्याने फिरवायचा एक छोटा ट्रॅकबॉल बसवलेला असे. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, पण फ्लॅश नव्हता. हेडफोनसाठी नेहमीचे गोल छिद्र नव्हते. चार्जर आणि हेडफोन दोन्ही एचटीसीच्या एकाच खास छिद्रात लावावे लागत. मेमरी कार्ड घालता येत असले तरी ॲप कार्डावर ठेवता येत नसत. ती सोय २०१० मधल्या २.२ या आवृत्तीत झाली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी–बेळगाव रस्त्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर असलेल्या आंबोलीत हा फोन नेला, तर त्याची वैशिष्ट्ये आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. आंबोलीचा वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरांच्या घरातला. बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा फरक ओळखून चालणारा पडदा पाण्याच्या थेंबालाही बोट समजतो. पावसात असा फोन बाहेर काढणे म्हणजे तीस हजार रुपये भिजत ठेवणेच. रात्रीची गोष्ट आणखी बिकट. मॅजिक भारतात आला त्याच २००९ सालात, फक्त आंबोलीच्या परिसरात आढळणाऱ्या एका भेकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. ‘झँथोफ्रिन टायग्रिना’ हे त्याचे नाव, म्हणजे वाघासारखे पट्टे असलेला. पावसाळी रात्री बाहेर पडणाऱ्या अशा प्राण्यांपुढे फ्लॅश नसलेला कॅमेरा अगदीच निरुपयोगी होता. आज आंबोलीला बेडूक पाहायला येणाऱ्यांच्या हातात फोन असतोच. त्या पिढीच्या फोनने ते काम झाले नसते.

मॅजिकमध्ये जीपीएस होते. उपग्रहाचा संदेश पकडायला टॉवर लागत नाही, त्यामुळे घाटातही आकाश उघडे असले की अक्षांश-रेखांश मिळू शकत. पण नकाशा मात्र इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने उतरायचा. रेंज गेली की आपण कुठे आहोत हे फोनला आकड्यांत ठाऊक, आणि पडद्यावर नुसते कोरे राखाडी चौकोन. फोन थ्री-जी चालवू शकत असला तरी २००९ मध्ये देशात ती सेवा फक्त सरकारी कंपन्यांची, तीही निवडक शहरांपुरती होती. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला २०१० च्या एप्रिल-मेमध्ये. सिंधुदुर्ग ज्यात मोडतो त्या महाराष्ट्र-गोवा परिमंडळाचे थ्री-जी स्पेक्ट्रम टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना मिळाले. मॅजिक आणणाऱ्या एअरटेलला मुंबई मिळाली, महाराष्ट्र-गोवा नाही.

पण मराठी माणसासाठी या फोनची सर्वांत मोठी उणीव पाऊस किंवा रेंज ही नव्हती. फोनला देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी एसएमएस आला किंवा मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडले, की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग लागे. त्याच काळात नोकियाच्या साध्या, बटणांच्या फोनांवर हिंदी-मराठी मेन्यू मिळत होते. घाटाखालच्या बाजारात मिळणाऱ्या हजार-दोन हजारांच्या फोनला जी लिपी येत होती, ती तीस हजारांच्या फोनला येऊ नये, हे मनाला लागणारे होते.

याचे कारण दुहेरी होते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागा पहिल्यापासून राखलेल्या आहेत, परंतु अँड्रॉइडमध्ये ती अक्षरे काढणारा फाँटच घातलेला नव्हता. आणि नुसता फाँट घालून भागत नाही. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरी तशी मांडता येत नाही. ‘सिंधुदुर्ग’ हाच शब्द घ्यावा. यातली ऱ्हस्व वेलांटी साठवताना ‘स’च्या नंतर येते आणि दिसताना त्याच्या आधी. शेवटचा ‘र’ पुढच्या ‘ग’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘हिरण्यकेशी’ या आंबोलीत उगम पावणाऱ्या नदीच्या नावात ‘ण’ला ‘य’ जोडावा लागतो. आणि ‘दऱ्या’ या शब्दात तर मराठीचा खास, आडवा अर्धा ‘र’ आहे. ही जुळणी करणारी यंत्रणा प्रणालीत नसेल, तर फाँट असूनही वेलांट्या आणि हलन्त सुटे पडतात.

यावर लोकांनी एक मार्ग काढला. ऑपेरा मिनी हा ब्राउझर अँड्रॉइडवर मिळत होता. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत टाइप केले की काही आतल्या नोंदी उघडत. त्यांतली गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याची नोंद ‘होय’ केली की मराठी दिसू लागे. शब्द जुळवण्याचे काम फोनऐवजी ऑपेराचा सर्व्हर करी आणि तयार अक्षरांचे चित्र पाठवी. त्यात डेटा जास्त जाई, मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे आणि ब्राउझरच्या बाहेर एसएमएसमध्ये चौकटी तशाच राहत. तरी ही युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे पोचत गेली, कारण वाचायची ओढ खरी होती.

प्रणालीतच देवनागरी आली ती चौथ्या आवृत्तीच्या काळात, २०११-१२ मध्ये. मॅजिकसाठी ती आवृत्ती एचटीसीने कधी काढली नाही. लिहिण्याचा प्रश्न त्यानंतरही उरला होता, कारण रोमन कळांवर मराठी बेतणे सगळ्यांना जमत नव्हते. २०१३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा कळफलक अँड्रॉइडसाठी दिला. त्याची रचना बाराखडीवर बेतलेली आहे: ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे वर्तुळ उमटते आणि बोट हव्या त्या बाजूला सरकवले की अक्षर पूर्ण होते. शाळेत बाराखडी घोकलेल्या कोणालाही ‘आंबोली’ लिहिण्यासाठी आता इंग्रजी स्पेलिंगची गरज उरली नाही.