लहान यंत्र, अनेक माणसे

1976 साली दिल्लीतील एका घराच्या गच्चीवरील खोलीत, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या बरसातीत, शिव नाडर, अर्जुन मल्होत्रा आदी तरुणांनी आपला उद्योग मांडला. डी.सी.एम. कंपनीतील नोकरी सोडून ते आले होते. त्यातूनच हिंदुस्थान कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजेच एच.सी.एल., ही कंपनी उभी राहिली. 1978 साली आय.बी.एम.ने भारतातील व्यवसाय आवरला आणि स्वदेशी संगणकाला बाजारपेठ मोकळी झाली.

यंत्र जुळविणे एक वेळ साधेल. पण ते चालविणारी प्रणाली कोठून आणावयाची? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स 1969 साली रचली, तीही एका फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-7 यंत्रावर. 1971 साली ती ज्या पीडीपी-11 वर चालत होती, त्याची स्मृती अवघी 24 किलोबाइट होती. त्यातील 16 प्रणालीच खाऊन टाकी! टेलिटाइप सावकाश खडखडे, म्हणून आज्ञाही दोन अक्षरांच्या: 'एलएस', 'सीपी'. ज्यांना हा तुटकपणा आज तुसडा वाटतो, त्यांनी त्यामागची काटकसर ध्यानात घ्यावी. 1973 साली ही प्रणाली सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि परक्या यंत्रावर नेणे पुष्कळ सुकर झाले.

हीच गोष्ट दिल्लीकरांच्या पथ्यावर पडली. ऐंशीच्या दशकात एच.सी.एल.ने मोटोरोलाच्या 68000 कुळातील प्रोसेसरांवर युनिक्स चालविली. मूळच्या 68000 मध्ये एक उणीव होती: हवा असलेला मजकूर स्मृतीत न सापडल्यास अर्धवट राहिलेली आज्ञा त्याला बिनचूक पुढे चालविता येत नसे. म्हणून अशा यंत्रावर स्मृती अपुरी पडली, की एखाद्याचे संपूर्ण काम उचलून डिस्कवर ठेवावयाचे आणि दुसऱ्याचे आत आणावयाचे. डिस्क घरघरत राही, टर्मिनलपुढील माणूस ताटकळे. तरीही एकाच यंत्रावर अनेकांची कामे होत. प्रत्येक मेजावर स्वतंत्र संगणक परवडण्याचे ते दिवस नव्हते.

बँकांत या काटकसरीला निराळेच महत्त्व आले. नोकऱ्या जातील या धास्तीने कर्मचारी संघटनांचा संगणकाला विरोध होता. 1983 च्या करारात यंत्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या गेल्या. ती धास्ती निराधार म्हणता येणार नाही. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे कित्येक शाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रे बसली, आणि एका लहान यंत्राच्या तारा पाच-सहा कारकुनांच्या मेजांपर्यंत जाऊन पोहोचल्या.