लहान वनखंडाचे व्यवस्थापन

लहान वनखंडाचे व्यवस्थापन म्हणजे काही गुंठ्यांपासून काही हेक्टरांपर्यंतच्या वृक्षाच्छादित क्षेत्राची, तेथील वनस्पती, पक्षी, माती व पाणी यांचा समतोल राखून केलेली दीर्घकालीन निगा होय. उद्यानात शोभेला व रोपवनात लाकडाच्या उत्पादनाला प्राधान्य असते; वनखंडात मात्र नैसर्गिक पुनरुत्पत्तीला वाव देणे हा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रातील देवराया, शहरांतील टेकड्या आणि नदीकाठची झाडी ही अशा वनखंडांची परिचित उदाहरणे आहेत.

येरवड्याचे उदाहरण

पुणे शहरात येरवडा व कल्याणीनगर यांच्या लगत, मुळा-मुठा नदीच्या काठावर, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जाणारा झाडीचा पट्टा आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या स्मरणार्थ त्यास हे नाव मिळाले. नावात ‘अभयारण्य’ हा शब्द असला, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोषित झालेले हे अभयारण्य नव्हे. त्यामुळे त्याचे रक्षण वृक्षविषयक कायदा, शहराचा विकास आराखडा आणि नागरिकांची जागरूकता यांवर अवलंबून राहते.

नदीकाठच्या वनखंडाचे प्रश्न टेकडीवरील वनापेक्षा वेगळे असतात. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग वाढला की पुराबरोबर प्लास्टिक व राडारोडा वाहून येतो. नदीत जलपर्णी माजते. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांसारखी काठावरची झाडे मुळांनी माती धरून ठेवतात. ती हटविल्यास काठाची धूप वाढते.

आक्रमक वनस्पतींचे नियंत्रण

शहरी वनखंडाला तोडीइतकाच धोका आक्रमक परकीय वनस्पतींचा असतो. सुबाभूळ हे मूळचे मध्य अमेरिकेकडील झाड चारा व सरपणासाठी भारतात लावले गेले. महाराष्ट्रात त्याच्या प्रसारात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेचा मोठा वाटा होता. शेतकऱ्यास उपयोगी ठरलेले हेच झाड दुर्लक्षित जागेत दाट वाढते आणि देशी रोपांना प्रकाश मिळू देत नाही. त्याचे बी मातीत अनेक वर्षे टिकते. म्हणून एकदाच तोड करून उपयोग होत नाही. पहिल्या पावसानंतर माती ओली असताना लहान रोपे हाताने मुळासकट उपटणे आणि मोठी झाडे शेंगा पिकण्यापूर्वी टप्प्याटप्प्याने काढणे, ही पद्धत वापरली जाते. सर्व झाडे एकदम काढल्यास उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा तणच माजते.

घाणेरी वरवर छाटली तर बुंध्यातून नवे फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी सुचविलेल्या पद्धतीत खोड आणि मूळ यांच्या संधिभागाखाली कुदळीने सोटमूळ तोडून झुडूप उलटे करून ठेवतात. भारतात गाजरगवताचा उपद्रव १९५०च्या दशकाच्या मध्यास प्रथम पुण्यातच ठळकपणे नोंदला गेला. ते फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे लागते. कारण त्याच्या संपर्काने त्वचाविकार व श्वसनाचा त्रास होऊ शकतो.

अवजारांची निवड

अवजार निवडताना झाडीची घनता, खोडांची जाडी, काम करणाऱ्यांचे कौशल्य आणि लगतची वस्ती यांचा विचार केला जातो. लहान वनखंडातील बहुतेक कामे हाताच्या अवजारांनी होतात.

खोदकामासाठी कुदळ, टिकाव, पहार, फावडे व घमेले लागते. झुडपे साफ करण्यासाठी कोयता, तर गवतासाठी विळा पुरतो. बोटाएवढ्या फांद्यांसाठी छाटणीची कात्री आणि मनगटाएवढ्या फांद्यांसाठी वक्र पात्याची हातकरवत योग्य असते. कोयत्याच्या घावाने साल फाटते व जखमेतून बुरशीचा शिरकाव होतो. म्हणून जिवंत झाडाच्या छाटणीस करवत अधिक चांगली. जड फांदी तीन कापांत काढतात: बुंध्यापासून थोड्या अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप आणि शेवटी उरलेला खुंट.

यांत्रिक साखळी करवत जाड किंवा पडलेल्या खोडांसाठीच घेणे हितावह असते. लहान वनखंडात साधारण ३० ते ४० सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरते. पट्टीचे टोक लाकडाला लागल्यास करवत चालविणाऱ्याच्या दिशेने उसळते. त्यामुळे साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक असलेले यंत्रच निवडतात. शिरस्त्राण, डोळे व कान यांचे संरक्षण, पायांसाठी कापरोधक पोशाख आणि मजबूत बूट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो. वृक्ष पाडताना त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरापर्यंत इतर कोणी असू नये, असा दंडक आहे. वस्तीजवळ विजेरीवर चालणारी करवत कमी आवाजामुळे सोयीची ठरते.

आग आणि पालापाचोळा

फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतामुळे वणव्याचा धोका वाढतो. वनखंडाच्या कडेने गवत काढून जाळरेषा राखतात. आतील पालापाचोळा मात्र जाळत नाहीत. तो कुजून मातीचा ओलावा व सुपीकता वाढवितो.

वाळलेली झाडे आणि पक्षी

वाळलेले झाड म्हणजे निरुपयोगी झाड, हा समज शास्त्रीय दृष्ट्या चुकीचा आहे. तांबट पक्षी वाळलेल्या फांदीत घरटे कोरतो. पिंगळा व राखी धनेश ढोलीत अंडी घालतात. रस्ता, पायवाट किंवा घर यांवर कोसळण्याचा धोका नसेल, तर असे खोड उभे ठेवणे इष्ट ठरते. शहरांत धोकादायक फांद्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी केली जाते आणि नेमका तोच अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. म्हणून छाटणीपूर्वी प्रत्येक ढोली व घरटे तपासणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरी भागात खासगी जागेतील झाड तोडण्यासाठीही पूर्वपरवानगी लागते. महापालिका क्षेत्रात हे काम वृक्ष प्राधिकरणाकडे असते. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आणली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली.

वादाचा मुद्दा

पुणे महानगरपालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा, मुठा व मुळा-मुठा नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा समावेश आहे. पूरनियंत्रण आणि नदीकाठ नागरिकांस खुला करणे हे त्याचे हेतू सांगितले जातात. काठावरील झाडी तोडण्यास पर्यावरणप्रेमींनी विरोध केला व २०२३ मध्ये पुण्यात त्यासाठी मोर्चाही निघाला. नव्या लागवडीने तोडलेल्या झाडांची संख्या भरून निघते. परंतु जुन्या झाडांच्या ढोल्या, झुडपांचा थर आणि मुरलेली माती तयार होण्यास अनेक दशके जावी लागतात. तोडीची भरपाई केवळ झाडांच्या संख्येने मोजावी की अधिवासाच्या गुणवत्तेने, हा या वादातील मूलभूत प्रश्न आहे.

हेही पहा

देवराई
सामाजिक वनीकरण
सालिम अली
मुळा-मुठा नदी