चाकरी आणि वस्त्रे

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव पिंपळाखाली निद्रिस्त असलेल्या मारुतीच्या स्थानामुळे नागपुरापासून छिंदवाड्यापर्यंतच्या भाविकांस परिचित आहे. परंतु ह्याच तालुक्यात, बोरगाव येथे, रेमंड कंपनीने १९९१ मध्ये उभारलेल्या सुमारे शंभर एकरांच्या गिरणीत सुटाचे उंची लोकरी कापड विणले जाते, ही गोष्ट मारुतीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जे कापड देशभरच्या मुलाखतींच्या दालनांत प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरवते ते ज्या पंचक्रोशीत निपजते, तेथल्याच संत्र्या-कापसाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नागपुरास मुलाखतीसाठी जाताना पुष्कळदा शेजाऱ्याचा कोट मागून न्यावा लागतो. चाकरी मागणाऱ्याने आपल्या पदरचे किती वस्त्र अंगावर घालून दारात उभे राहावे, हा प्रश्न आज जितका स्वाभाविक वाटतो तितका तो ह्या प्रदेशात पूर्वी नव्हता, आणि तो कसा उद्भवला ह्याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडचे गोंड राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेले आणि जाम व कन्हान ह्या नद्यांचा हा मुलूख नागपूरच्या दौलतीत सामील झाला. त्या दौलतीचा, किंबहुना सबंध मराठी राज्यव्यवस्थेचा, रिवाज असा होता की अधिकारपद देताना धन्याने सेवकास वस्त्रे द्यावयाची. साताऱ्याहून छत्रपतींनी पेशव्यास शिक्के-कट्यारीसह वस्त्रे द्यावी, त्याचप्रमाणे नागपूरकरांस सेनासाहेबसुभा ह्या पदाची वस्त्रे मिळावी. १७५५ मध्ये पहिले रघूजी वारल्यानंतर जानोजी आणि मुधोजी ह्या बंधूंमध्ये जो दीर्घ कलह चालला, तो ह्याच वस्त्रांसाठी होता, आणि त्यांच्यामागे सबंध राज्याचा कारभार उभा होता. पायरी-पायरीने हाच आचार खाली उतरत असे: मामलत सांगितली म्हणजे शेला-पागोटे द्यावे, कामगिरी फत्ते झाली म्हणजे पोशाख द्यावा. दरबारात उभे राहण्यास योग्य वस्त्र लागे हे खरे, आणि दरिद्री मनुष्यास त्या दरबारात सहसा प्रवेशही नसे हेही खरे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तरीसुद्धा पदाची प्रतिष्ठा ज्या वस्त्रातून दिसावयाची ते वस्त्र पद देणाराच पुरवीत असे, एवढे त्या रिवाजाचे मर्म ध्यानी घेतल्यावाचून पुढचा फेरफार समजणार नाही.

१८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. योगायोगाने त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने एक ठराव केला, त्याचा आशय असा होता की सरकारी व निमसरकारी प्रसंगी जे एतद्देशीय गृहस्थ विलायती धर्तीचे बूट घालून येतील त्यांस ते पायांत ठेवण्याची मुभा असावी. देशी जोडे घालणाऱ्याने मात्र ते पूर्वीप्रमाणे उंबरठ्याबाहेर काढावे. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी ह्या पारशी गृहस्थांनी जोडे काढण्यास नकार दिल्यावरून ह्याच विषयाचा मोठा गवगवा झाला, आणि १८६८ मध्ये जॉन लॉरेन्सच्या सरकारने बुटांची सवलत दरबारांसही लागू केली. ह्या हुकुमांतून एक नवी शिकवण कचेरीच्या दाराशी येऊन बसली: साहेबासमोर आपला मान राखावयाचा असेल तर साहेबाच्या वळणाची वस्तू स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी.

ह्याच सुमारास मध्यप्रांत स्थापन झाला, १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि तहसील, न्यायालय, जंगलखाते, शाळाखाते ह्यांतून कारकुनांची मागणी वाढली. त्या काळी आजच्यासारखी पाव तासाची मुलाखत नव्हती. होती ती उमेदवारी. होतकरू तरुणाने एखाद्या शिरस्तेदाराच्या ओळखीने कचेरीत यावे, महिनोन्‌महिने बिनपगारी नकला कराव्या, आणि जागा रिकामी झाली म्हणजे अर्ज करावा. ह्या सबंध मुदतीत त्याचा पोशाख रोज पाहिला जात असे: डोक्यास पागोटे किंवा पगडी, अंगात अंगरखा किंवा पुढे रूढ झालेला गळाबंद लांब कोट, खांद्यावर उपरणे, खाली नागपुरी किंवा उमरेडी काठाचे धोतर. बोडक्या डोक्याने कचेरीत जाणे हा तर उघड अविनय समजला जाई. उमेदवारीला वेळ आणि पैसा दोन्ही लागत, आणि ती निभावणे ज्याच्या घरी आधीच कोणी चाकरीत होता त्यालाच बहुधा शक्य होई. तथापि तिच्यात एक गुण होता. एका दिवसाच्या कापडावर मनुष्याची परीक्षा संपत नसे. सहा महिन्यांत त्याचे अक्षर, त्याची सचोटी आणि त्याचा एकच कोट, तिन्ही सर्वांच्या परिचयाचे झालेले असत.

ह्या ठिकाणी जातीचा विचार टाळता येत नाही. ज्या समाजांना नीटनेटके वस्त्र नेसण्याचीच गावात बंदी होती, त्यांच्या मुलांना कचेरीचा पोशाख म्हणजे निव्वळ खर्चाची बाब नव्हती. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांस जो उपदेश केला त्यात अस्पृश्यतेची निशाणी ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्याचा आग्रह होता, आणि त्यांचा स्वतःचा विलायती सूट पाहून असंख्य तरुणांनी ताठ मानेने उभे राहणे म्हणजे काय ते ओळखले. म्हणून सूट ही केवळ परक्याची नक्कल आहे, हा आक्षेप मी कधीच मान्य करू शकलो नाही. ज्याला उघड्या अंगाने उभे राहावयास लावले होते त्याने कोटाची बटणे लावली, तर त्यात अनुकरणापेक्षा हक्काचा भाग अधिक असतो.

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर वारे फिरले. ६ जानेवारी १९२१ रोजी गांधीजी छिंदवाड्यास आले, आणि खादीची पांढरी टोपी गावोगाव दिसू लागली. सरकारी चाकरी मागावयास जाताना ती टोपी घरी ठेवावी लागे. तिच्यासह गेलेल्याची गणना उमेदवारांत होण्याऐवजी बंडखोरांत होण्याचा संभव अधिक. सोळा वर्षांनी, १९३७ मध्ये, डॉ. ना. भा. खरे ह्यांचे मंत्रिमंडळ नागपुरात अधिकारावर आले, तेव्हा तीच टोपी सचिवालयात सन्मानाने वावरू लागली. त्याच वर्षी बिहार, ओरिसा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड ह्या तीन प्रांतांकरिता संयुक्त लोकसेवा आयोग सुरू झाला व तो १९४९ पर्यंत टिकला. वरच्या जागांसाठी अनोळखी सभासदांपुढे थोडक्या वेळात स्वतःस सिद्ध करण्याची ही पद्धत आपल्या मुलखात ह्याच काळात स्थिरावली. शिरस्तेदाराच्या मर्जीतून ह्या पद्धतीने उमेदवारास सोडविले, हा तिचा मोठा उपकार; परंतु परिचयाला अवकाश उरला नाही, आणि जे परिचयाने कळावयाचे ते कपड्यावरून ताडण्याची सवय लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. पूर्वी राजधानी नागपूर घरच्या अंगणाइतकी जवळ होती. आता भोपाळास, आणि लोकसेवा आयोगापुढे इंदुरास, जावे लागू लागले. भाषा बदलली, रीतीही बदलल्या. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास हिंदीत उत्तरे देण्याच्या चिंतेबरोबर तेथल्या रिवाजाला शोभेल असे कपडे करण्याची चिंता जडली. पुढे टेरिकॉट आले, सफारी आली, टायही आला. मुलींच्या बाबतीत नऊवारी लुगड्यावरून पाचवारी पातळावर येण्यास एक पिढी लागली, आणि शिक्षिका व परिचारिका ह्या पहिल्या नोकऱ्यांनी त्या बदलास घराघरात मान्यता मिळवून दिली.

आज २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे, आणि बोरगाव, बुटीबोरी, मिहान येथील कारखान्यांत व कचेऱ्यांत ह्या भागातील मुले-मुली मुलाखतीस जातात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लोकरी कोट घालून बसमधून आलेला तरुण घामाने डबडबतो, आणि तो घाबरला आहे असे समोरच्यास वाटते. माझे मत स्पष्ट आहे: धुतलेला, इस्त्री केलेला, अंगाबरोबर बसणारा सुती सदरा, साधी पँट आणि पुसलेले जोडे, किंवा साधी साडी वा सलवार-कमीज, एवढे आपल्या हवेत कोणत्याही पदाच्या मुलाखतीस पुरेसे औपचारिक आहे, आणि जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर कपाळी असला तर त्याने कोणाचेही काही उणे होत नाही. ज्या पदास विशिष्ट वेषच हवा असेल तेथे मालकाने मुलाखतीच्या पत्रात तसे एका ओळीत लिहावे, आणि नेमणूक झाल्यावर तो वेष स्वतःच्या खर्चाने द्यावा. नागपूरच्या दौलतीत तो खर्च धन्याच्या खात्यावरच पडत होता.