कोटेशनच्या कागदावरचा संगणक

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत संगणक शिरला, तो बहुतेक ठिकाणी सुटे भाग जुळवून. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे या 'असेंबल्ड' संगणकाची होती. कोणते यंत्र घ्यायचे हे एका कागदावर ठरे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, कॅबिनेट, यू.पी.एस. अशी एकाखाली एक ओळ, समोर भाव आणि तळाशी बेरीज. या कागदाला सगळे कोटेशन म्हणत.

याची मुळे १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पी.सी.मध्ये आहेत. त्याची रचना इतर कंपन्यांना समजेल अशी खुली होती आणि त्यातले कार्ड काढून दुसरे बसवता येत असे. त्याच्याशी जुळणारी यंत्रे लवकरच अनेकांनी काढली आणि तैवानच्या कारखान्यांतून मदरबोर्ड जगभर जाऊ लागले. भारतात नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातीवरची बंधने सैल केली. एच.सी.एल., विप्रो, झेनिथ यांची यंत्रे मिळू लागली, पण त्यांची गिऱ्हाइके होती बँका आणि कचेऱ्या. हौशी घरांत त्या काळी टीव्हीला जोडायचा स्पेक्ट्रमसारखा छोटा संगणक असे. तो जसा येई तसाच वापरायचा. त्यात निवडण्यासारखे काही नव्हते. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. संगणक आणि सुट्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. घरगुती संगणकाला खरी वाट मिळाली ती इथे.

मुंबईत या बाजाराचे नाव लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री हा रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी जुन्या गव्हर्नरचेच नाव राहिले. रेडिओ आणि टीव्हीचे सुटे भाग विकणारी दुकाने इथे आधीपासून होती, त्यामुळे संगणकाचे भाग इथे येणे स्वाभाविकच होते. ठाण्या-डोंबिवलीचा किंवा नाशिकचा माणूस शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला बरोबर घेऊन येई आणि तीन-चार दुकानांतून कोटेशने गोळा करी. ती फार दिवस टिकत नसत, कारण भाव डॉलरवर आणि तैवानवर अवलंबून. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि जगभर रॅमच्या किमती भडकल्या. त्याची झळ इथल्या गल्ल्यांनाही लागली. ब्रँडेड यंत्राच्या मानाने असेंबल्ड बरेच स्वस्त पडे. त्या स्वस्ताईत बिनपावतीचा व्यवहार आणि विंडोजची चोरटी प्रत यांचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

निवडीत चुका ठरावीक होत. बहुतेकांचे सारे लक्ष प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झवर. मुलगा पुढे इंजिनिअरिंगला जाईल, तेव्हा आत्ताच मोठा घ्यावा, असा हिशेब असे. वास्तविक विंडोज ९८ वर पत्रे आणि हिशेब करणाऱ्या घराला ३२ ऐवजी ६४ एम.बी. रॅमचा फायदा जास्त जाणवला असता. जाणकार नावापलीकडे पाहत. १९९८ च्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी नव्हती आणि तो रेंगाळे. त्याच वर्षीच्या सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ के.बी. कॅश आली आणि तो कमी पैशांत महागड्या पेंटियम २ च्या जवळ जाऊ लागला. तसेच इंटेलच्या ८१० चिपसेटचे. चित्राची सोय मदरबोर्डवरच असल्याने संगणक स्वस्त होई, पण त्यावर ए.जी.पी. स्लॉट नसे. पुढे गेमसाठी किंवा त्रिमिती चित्रकामासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड लावायची इच्छा झाली, की खरेदीच्या दिवशी वाचवलेले पैसे महागात पडत.

मराठी घराच्या दोन गरजा मात्र परदेशी मासिकांतल्या सल्ल्यात सापडण्यासारख्या नव्हत्या. पहिली देवनागरीची. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी अक्षर उमटवायला सी-डॅकचे जिस्ट कार्ड लागे, म्हणजे मदरबोर्डवर मोकळा स्लॉट हवा. पुढे घरबसल्या डी.टी.पी. करणाऱ्यांनी श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर घेतली. त्यांचे हार्डवेअर लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावावे लागे, म्हणून ते पोर्ट असलेलाच संगणक हवा. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवून संसार चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब प्रोसेसरपेक्षा मोलाची होती. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि साध्या वापरापुरता हा प्रश्न सुटला. छपाईच्या धंद्यात मात्र जुने फाँट आणि त्यांची लॉक बरीच वर्षे टिकली.

दुसरी गरज विजेची. मुंबईबाहेर भारनियमनाच्या काळात यू.पी.एस. ही चैन नव्हती. दिवे गेल्यावर काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला दहा मिनिटे मिळाली तरी पुरे, पण ती हवीच. कोटेशनची बेरीज आवाक्यात आणण्यासाठी नेमकी हीच ओळ आधी खोडली जाई, आणि मग हार्ड डिस्क दगा देई.

२००१ मध्ये एम.के.सी.एल.चा एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावीही वर्ड, एक्सेल, इंटरनेट एवढ्याची ठोस मागणी तयार झाली. त्या कामाला मध्यम ताकदीचे कोणतेही यंत्र पुरत होते. ब्रँडेड कंपन्यांनाही ही मागणी दिसत होती. २००५ साली एच.सी.एल.ने दहा हजारांच्या आतला संगणक बाजारात आणला. त्यानंतर लॅपटॉप स्वस्त झाले आणि घरातली नवी खरेदी झपाट्याने तिकडे वळली. लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा बदलता येत नाही, बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅमही बोर्डावर डकवलेली असते, त्यामुळे काय हवे हे एकदाच आणि आधीच ठरवावे लागते. भाग निवडून संगणक जुळवण्याची रीत आता मुख्यतः गेम खेळणाऱ्यांकडे, व्हिडिओ संपादकांकडे आणि वास्तुरचनेची चित्रे करणाऱ्यांकडे उरली आहे.