कृष्णा–भीमा खोरे पूर-निर्णयसाहाय्य प्रणाली

कृष्णा व भीमा खोऱ्यांतील पुराचा अंदाज आणि धरणांतील विसर्ग यांसाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने उभारलेली संगणकीय प्रणाली. 2005 च्या महापुरानंतर तिची निकड प्रकर्षाने जाणवली. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेच्या मदतीने ती विकसित झाली.

स्वयंचलित केंद्रांकडून पाऊस व पाणीपातळीच्या नोंदी येतात. त्यांवरून गणिती प्रतिमाने नदीचा पुढील प्रवाह काढतात आणि विसर्गाचे पर्याय पडताळून पाहता येतात.

या प्रणालीची खरी कसोटी कोयना धरणाची. सातारा जिल्ह्यातील या धरणाची साठवणक्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळा संपताना वीज व सिंचनासाठी ते भरलेले हवे. पण ऑगस्टमध्येच भरले, तर नव्या पावसाला जागा उरत नाही. सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीकडे जाते. तेथे हरिपूरला वारणाही येऊन मिळते. त्यामुळे पाणी किती सोडायचे याइतकेच ते केव्हा सोडायचे हेही निर्णायक ठरते. प्रणालीतील आलेख व नकाशे अभियंत्याला हा पेच स्पष्ट दाखवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने अंदाज सुधारले, तरी दरवाजे उघडण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली पाहिजे.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, तर 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. त्यानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराच्या कारणांचा अभ्यास करून 2020 मध्ये शासनाला अहवाल दिला.