लांबच्या वाटेचे वाहन

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझी भाची चिवड्याची बशी बाजूला सारून माझ्यापुढे एक वही उघडून बसली. वहीत रकाने आखलेले होते. डावीकडे आठ मोटारसायकलींची नावे आणि त्यांच्यापुढे अश्वशक्ती, वजन, टाकीचे माप, बैठकीची उंची, किंमत. "मामा, यातली कोणती घेऊ ते तू सांग," ती म्हणाली. तिला पुण्याहून कन्याकुमारीला एकटीने जायचे होते. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरांचा पल्ला. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला कोणताही प्रश्न विचारा, तो आधी शंभर वर्षे मागे जाणार, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही ती विचारायला आली, तेव्हा तिला उत्तराची फारशी घाई नसावी. आत स्वयंपाकघरात तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, चकल्या तळत होती. झाऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच येत होता. तेवढ्यावरून तिचे मत मला कळले.

वेगाने पळणारे वाहन आणि लांब जाणारे वाहन ही मुळात दोन निराळी जनावरे. शर्यतीचा घोडा चार फर्लांगांत सगळा दम संपवतो; ओझ्याचे तट्टू दिवसभर चालते, पण त्याच्यावर बसून कोणाची छाती फुगत नाही. माणसाला मात्र दोन्ही गुण एकाच खोगिराखाली हवे असतात. या हावेचा इतिहास म्हणजेच भाचीच्या वहीतल्या आठ नावांचा इतिहास.

या हावेला पैसे मोजून पुरवणारा पहिला मोठा कारागीर इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रफ. त्याच्या 'ब्रफ सुपीरियर'मधली 'एसएस १००' ही गाडी १९२४ साली लोकांसमोर आली. नावातला शंभराचा आकडा म्हणजे ताशी शंभर मैलांची हमी. गाडीबरोबर तसा दाखलाच मिळे. प्रत्येक गाडी आधी एकदा पुरी जोडून पाहत, मग सुटी करून तिला रंग आणि मुलामा चढवत, आणि मग पुन्हा जोडत. १९४० पर्यंत जेमतेम तीन हजार गाड्या झाल्या. लग्नाचा शालू विणावा तसा हा कारभार.

या गाडीचा सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे अरबस्तानातला टी. ई. लॉरेन्स. त्याच्याकडे एकामागून एक अशा सात ब्रफ होत्या आणि आठवीची मागणी त्याने नोंदवलेली होती. कर्नल म्हणून जगभर गाजलेला हा गृहस्थ पुढे नाव बदलून हवाईदलात साधा शिपाईगडी झाला, आणि १९२७ च्या आरंभी आपल्या कराचीच्या छावणीत येऊन राहिला. 'आपल्या' अशासाठी म्हणतो की त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. आपल्या गाडीने एका विमानाशी लावलेल्या शर्यतीचे वर्णन त्याने 'द मिंट' या पुस्तकात केले आहे. ते पुस्तक १९५५ साली, त्याच्या मरणानंतर वीस वर्षांनी बाहेर आले. त्याच्या मरणाकडे मी पुढे येणारच आहे.

ब्रफनंतरची पिढी फिलिप व्हिन्सेंटची. त्याची 'ब्लॅक शॅडो' १९४८ ची, ९९८ सी.सी., ताशी सव्वाशे मैलांपर्यंत जाणारी, आणि वेग दाखवणारी तबकडी पुरणाच्या चाळणीएवढी. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी गमतीची गोष्ट घडली. यूटा राज्यातल्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर रोली फ्री नावाचा एक स्वार व्हिन्सेंटवर विक्रमाच्या मागे लागला होता. वाऱ्याने त्याचे चामडी कपडे फाटू लागले. तेव्हा ते त्याने सरळ काढून टाकले आणि नुसती पोहण्याची चड्डी घालून, गाडीवर पोटावर आडवा पडून, ताशी १५०.३ मैलांचा वेग गाठला. त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. भाचीला ते तिच्या फोनवर काढून दाखवले, तेव्हा ती पोट धरून हसली. पण त्या चित्रात आपल्या विषयाचे सगळे मर्म आहे. मोटारसायकलस्वाराचा खरा शत्रू रस्ता नव्हे, वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा कापायला शक्ती लागते आठपट. दहा मिनिटांच्या विक्रमात हा रेटा आडवे पडून चुकवता येतो. दहा तासांच्या प्रवासात तो छातीवर, मानेवर आणि मनगटांवर घ्यावा लागतो. संध्याकाळी माणूस दमतो तो गाडी चालवून नव्हे, वाऱ्याशी कुस्ती करून.

हे व्हिन्सेंटने ओळखले होते. १९५४-५५ मध्ये त्याने 'ब्लॅक प्रिन्स' काढली. तिचे इंजिन आणि पुढची बाजू फायबरग्लासच्या कवचात झाकलेली होती. स्वाराने वेगाने लांब जावे आणि तरी पावसा-वाऱ्याने भिजून फाटून जाऊ नये, हा हेतू. लोकांना ते ध्यान आवडले नाही. १९५५ संपता संपता कारखान्यातले गाड्यांचे उत्पादनच बंद झाले. ज्याला पुढचे दिसते त्याचे दुकान आधी बुडते, असे इतिहासात वारंवार आढळते. असो.

तीच कल्पना वीस वर्षांनी जर्मनीत फळाला आली. बीएमडब्ल्यूची १९२३ ची पहिली मोटारसायकल, मॅक्स फ्रिझची 'आर ३२', जेमतेम साडेआठ अश्वशक्तीची. पण तिचे दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना वाऱ्यात बाहेर काढलेले, आणि मागचे चाक चेनने नव्हे तर शाफ्टने फिरणारे. चेनला तेल द्या, ताणून घ्या, झिजली की बदला, ही कटकटच नाही. त्या वंशात १९७६ साली 'आर १०० आरएस' जन्माला आली. ९८० सी.सी., ७० अश्वशक्ती, २४ लिटरांची टाकी. तिच्या कवचाचा आकार हान्स मूट या आरेखकाने इटलीत पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात, कृत्रिम वाऱ्याच्या झोतात, पारखून ठरवला. त्या कवचामुळे वेगात पुढचे चाक उचलू पाहणारा रेटाही सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाला. शर्यतीच्या घोड्याला आणि ओझ्याच्या तट्टाला एकत्र जुंपणारी ती खरी पहिली गाडी, असे माझे मत आहे. कोणी ब्रफचे नाव घेईल, घेवो बापडा.

पुढचा इतिहास मी भाचीला भराभर सांगून टाकला, कारण तो तिच्या वहीतच होता. १९९० च्या सुमारास आलेली होंडाची 'एसटी ११००', २८ लिटरांची टाकी आणि तीनशे किलोंच्या आसपास वजन. २००१ ची यामाहाची 'एफजेआर १३००'. आणि मग उंच चाकांच्या, खाचखळग्यांतून जाणाऱ्या गाड्या, ज्यांनी या जातीची बरीचशी गिऱ्हाइके पळवली.

"म्हणजे मोठी टाकी, मोठे कवच आणि शाफ्ट," ती लिहू लागली. मी तिची पेन्सिल थांबवली. टेड सायमन हा पत्रकार ६ ऑक्टोबर १९७३ रोजी लंडनहून जगाच्या फेरीला निघाला, तो ५०० सी.सी.च्या ट्रायम्फवर. चार वर्षांत त्याने चौसष्ट हजार मैल काटले. वाटेत भारतही पाहिला. कवच नाही, शाफ्ट नाही, आणि गाडी तर जागोजागी मोडणारी. ज्याला हॅम्बर्गहून नेपल्सला एका दमात जायचे आहे त्याची गाडी वेगळी. ज्याला दर पंचवीस किलोमीटरांवर गतिरोधक, वळणावर म्हैस आणि पुलापाशी अर्धवट बुजवलेला खड्डा भेटणार आहे, त्याची वेगळी. तीनशे किलोंची गाडी चालताना हंसासारखी तरंगते. पेट्रोलपंपाच्या उतरत्या फरशीवर, पाय टेकत नसताना, ती म्हैस होते. मी तिला रकान्यांत एक भर घालायला सांगितली: पडली तर एकटीला उचलता येईल का?

'पडली तर' हे शब्द स्वयंपाकघरात ऐकू गेले असावेत. झारा थांबला.

इथे मला माझ्या मित्राबद्दल सांगितले पाहिजे. त्याच्याकडे जुनी २५० सी.सी.ची जावा होती. जिचा किकचा दांडा पुढे ढकलला की तोच गिअरचा दांडा होई. १९७८ मध्ये आम्ही दोघे तिच्यावरून कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी असे करत गोव्याला गेलो. साडेचारशे किलोमीटर तो हेल्मेट घालून होता. त्याची मी पुष्कळ थट्टा केली. पुढच्याच दिवाळीत तो आकाशकंदिलाचा कागद आणायला म्हणून निघाला. इथल्या इथे जायचे, म्हणून हेल्मेट खुंटीवरच राहिले. चौकात एक सायकलवाला आडवा आला. मित्र वाचला, पण सहा महिने त्याला माझे नाव आठवत नव्हते, आणि जमाखर्च शिकवणाऱ्या त्या माणसाला पुन्हा कधी बेरीज करता आली नाही. त्याला इस्पितळात जेवणाचा डबा नेऊन देत होती ती माझी बहीण.

लॉरेन्सचेही असेच झाले. १३ मे १९३५ रोजी तो तार करून परत येत होता. दोन सायकलस्वार पोरांना चुकवताना, घराजवळच, गाडीवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. त्या मृत्यूचा त्याने पिच्छा सोडला नाही. १९४१ मध्ये त्याने आपला अभ्यास छापला. हेल्मेट घातलेले असे सातच अपघातग्रस्त स्वार त्याच्या पाहण्यात आले होते, आणि सातही जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. तिथल्या सामान्य नागरिकांसाठी तो कायदा यायला १९७३ साल उजाडले. आपल्याकडे तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आला.

हे सांगून झाले तेव्हा बहीण दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "गाडी कोणतीही घे. डोक्यावरचे आधी घे आणि ते मला दाखव."

भाचीने शेवटी रॉयल एनफील्डची 'इंटरसेप्टर' घेतली. हे नाव त्यांनी १९६० च्या सुमारास रेडिचच्या कारखान्यातल्या गाडीला प्रथम दिले होते. ही मद्रासकडची, २०१८ ची. ६४८ सी.सी., दोन सिलिंडर, वजन दोनशे किलोंच्या वर, टाकी जेमतेम चौदा लिटरांची. कवच नाही; तिने पुढे एक काच बसवून घेतली. पंडितांच्या व्याख्येत ही गाडी बसत नाही. पण तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात, आणि रिकाम्या मैदानात आडवी करून तिने ती दोनदा एकटीने उचलून दाखवली. हेल्मेटवर तिने जो खर्च केला तो ऐकून मी गप्प बसलो.

जानेवारीतल्या ज्या पहाटे ती निघाली, त्या पहाटे मित्रही आला होता. बहिणीने तिळाच्या वड्यांचा डबा मागच्या पिशवीत ठेवला आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. मित्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून खाली वाकला. "किकचा दांडा तोच गिअरचा ना?" त्याने विचारले.

"काका, हिला किकच नाही. बटण आहे."

त्याला याचे एवढे हसू आले, की गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी तो हसतच होता.