कार्ल्याचे वर्गणीदार

एकवीरेच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले आहेत. देवीच्या देवळामागेच लेणे आहे. तिथे पाच मिनिटे डोकावायचे, 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' असे म्हणायचे आणि पायऱ्या उतरू लागायचे, ही आपली पद्धत. मागच्या श्रावणात सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींबरोबर गेलो तेव्हा मी मात्र तासभर आतच थांबलो. बाहेर डोंगर हिरवागार, पावसाची रिपरिप चालू, आणि आत हा सव्वाशे फूट लांबीचा दगडी सभामंडप!

हे बौद्धांचे चैत्यगृह, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे कोरलेले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, टोकाला स्तूप, छताला सागवानी फासळ्या. त्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. (आपल्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग किती पावसाळे टिकले, ते सभासद जाणतातच.)

पण आम्हा बँकवाल्यांचा प्रश्न एकच, पैसा कुणाचा? उत्तर तिथेच ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल शेठजींनी काम पुरे केले. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम, असेही त्यांनी लिहून ठेवले. दाराबाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आतले खांब एकेकाने दिलेले, त्यांत सिहधय नावाचा एक यवनही आहे. सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचे नाव दाराशी आहे, आणि सामी सुताराचेही. सुताराचे नाव कुठे लिहिलेले असते का हो? आणि खांबांवर नुसते 'अमक्याचे दान'. रक्कम लिहिलेली नाही, हे मला फार आवडले.

बोरघाटातून माल चढायचा, त्यामुळे पैसेवाले इथून ये-जा करत. बांधून झाले तरी चालवायला पैसा लागतोच. नहपान राजाचा जावई उषवदात याने इथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिले. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली, तरी ते गाव भिक्षूंकडेच राहिले.

याच उषवदाताचा नाशिकच्या पांडवलेण्यातला लेख म्हणजे तर सरळ मुदत ठेवीची पावती. तीन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी कागदावर मांडून पाहिले. दोन हजारांचे बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. पैचा फरक नाही! हिला 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवलेले.

आपल्या वार्षिक सभेत दरवर्षी कुणीतरी उठते आणि म्हणते, सिंकिंग फंडाची ठेव मोडू आणि इमारतीला रंग देऊ. पुढची सहल मी नाशिकची सुचवली आहे.